अर्धा भरलेला डबा

हलवून पाहिला तर आत द्रव डुचमळतो. म्हणजे इंधन आहे, चांगलं अर्ध्या डब्याइतकं आहे. तरीही बर्नरवरची ज्योत बसत चाललेली. ऑक्टोबर सरत आलाय, पहाटेचे साडेचार वाजलेत, उंची तीन हजार मीटरच्या आसपास. खडकावर गॅसचा लहान डबा, त्याच्या तोंडावर आटे फिरवून बसवलेला मुठीत मावणारा बर्नर, वर टायटॅनियमचं पातळ भांडं. पहिली दोन मिनिटं ज्योत चांगली घुमते. मग तिचा आवाज एकेक पायरी उतरावा तसा उतरत जातो, निळे दात आखूड होतात, आणि डब्याच्या बाहेरच्या अंगावर पांढऱ्या दंवाचा पट्टा उमटतो. हा पट्टा डब्याच्या वरपर्यंत जात नाही. आत द्रव जिथपर्यंत आहे तिथेच तो थांबतो, जणू आतलं माप कुणीतरी खडूने बाहेर काढून ठेवलंय. भांड्यातलं पाणी कोमट झालेलं असतं, बोटांना बरं वाटेल इतकंच. वाळवलेल्या जेवणाच्या पाकिटात ते ओतलं तर वीस मिनिटांनीही दाताखाली कचकच लागते. उजाडायच्या आत कड्यावर पोचून, दुर्बीण लावून समोरचा उतार शिकारीसाठी न्याहाळायला बसायचंय. आणि हातात अर्धा भरलेला डबा आहे, जो पेटत नाही.

इंधन असून आग नाही, ही गोष्ट मनातून लवकर जात नाही.

पाठीवरून नेण्याच्या चुलींची तुलना वाचायला घेतली की पहिला रकाना वजनाचा असतो, दुसरा एक लिटर पाणी किती मिनिटांत उकळतं याचा. दोन्ही आकडे खरेच असतात. पण ते बहुतेक वेळा भरलेल्या डब्यावर, वारा नसलेल्या जागी, वीसेक अंशांच्या हवेत काढलेले असतात. रॉकी पर्वतात एल्क किंवा म्यूल हरणाच्या मागे पाच-सात दिवस जाणाऱ्या शिकाऱ्याला ती हवा क्वचितच मिळते. त्याची चूल कामाला येते ती पहाटे आणि रात्री, म्हणजे दिवसाच्या सगळ्यात गार दोन वेळांना. म्हणून तुलना करायचीच तर ती त्या दंवाच्या पट्ट्यापासून सुरू करावी, असं मला फार वाटतं.

तो पट्टा कसा येतो ते समजून घेण्यासारखं आहे. डब्यात गॅस दाबून द्रवरूपात ठेवलेला असतो, आणि बर्नरला जातो तो त्यावरचा वायू. त्यामुळे आतला द्रव सतत उकळत राहायला हवा. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, आयसोब्युटेन उणे ११.७ला, साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला. चांगल्या डब्यांत आयसोब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं, बरेचदा ८०:२०. स्वस्त डब्यांत साधा ब्युटेन जास्त असतो, आणि ते डबे दिवाळखोर म्हणावे तसे थंडीत हात वर करतात. आता एक ग्रॅम द्रवाचा वायू व्हायला साधारण ३७० ज्यूल उष्णता लागते, आणि ती उष्णता द्रव स्वतःच्याच अंगातून काढतो. बर्नर मिनिटाला दोन ग्रॅम गॅस खात असेल, तर ११० ग्रॅमचा भरलेला लहान डबा, बाहेरून काहीच उष्णता मिळाली नाही असं धरलं तर, मिनिटाला सुमारे अडीच अंशांनी गार होत जातो. तोच डबा अर्धा असेल तर गार व्हायचा वेग मिनिटाला चार अंशांपर्यंत जातो, कारण थंडी वाटून घ्यायला आत द्रवच कमी उरलेला असतो. हवेकडून थोडी उष्णता परत मिळते, पण उणे पाचच्या हवेकडून किती मिळणार? त्यात आणखी एक भर. प्रोपेन लवकर उकळतो म्हणून तो आधी निघून जातो. अर्ध्या डब्यात उरलेलं मिश्रण सुरुवातीच्या मिश्रणाहून जड, आळशी असतं. म्हणजे अर्धा डबा हा भरलेल्या डब्याचा निम्मा भाग नसतोच. आतला गॅस वेगळा असतो आणि गार होण्याचा वेगही वेगळा.

उंची मात्र इथे थोडी मदत करते, आणि ती गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास असतो, त्यामुळे आयसोब्युटेन तिथे उणे वीसच्या जवळपास उकळतो. आठ-नऊ अंशांची ही सवलत नसती, तर शरद ऋतूतल्या डोंगरात डब्याच्या चुली घेऊन कुणी गेलंच नसतं. त्याच उंचीवर पाणी मात्र नव्वद अंशांनाच उकळतं. पाणी खळखळतंय म्हणून जेवण लवकर होईल असं नाही. पाकीट बंद करून टोपीत किंवा जॅकेटच्या आत गुंडाळून नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ठेवावं लागतं.

आता वजनाकडे वळू, कारण शिकाऱ्याच्या पाठीवर वजनाचा प्रश्न दुहेरी असतो. जाताना सामान असतंच, आणि शिकार झालीच तर येताना मांस असतं, तेही अनेक फेऱ्यांचं. म्हणून तो टूथब्रशचा दांडासुद्धा कापतो. एमएसआर कंपनीचा पॉकेटरॉकेट २ हा बर्नर ७३ ग्रॅमचा. त्याचाच रेग्युलेटर आणि ठिणगी असलेला डिलक्स प्रकार ८३ ग्रॅमचा. २५ ग्रॅमचे टायटॅनियमचे बर्नरही मिळतात. त्यांचे भांडं धरणारे हात मात्र इतके बारीक असतात की जोरात आच आणि वर लिटरभर पाणी असं असलं, तर तापून वाकू शकतात. एकट्या माणसाच्या अर्ध्या लिटरसाठी ते चालतात, बर्फ वितळवायला नाहीत. याच्या समोर येते जोडचूल, म्हणजे तळाला उष्णता शोषणाऱ्या पत्र्याच्या घड्या असलेलं उंच भांडं आणि त्याला अडकणारा बर्नर. जेटबॉइलची फ्लॅश ३७१ ग्रॅमची आहे. साधा बर्नर आणि ७५० मिलीलिटरचं टायटॅनियमचं भांडं मिळून १८० ग्रॅमच्या घरात येतं. म्हणजे फरक दोनशे ग्रॅमला थोडा कमी.

हा फरक इंधनात भरून निघतो, असं हमखास सांगितलं जातं. हिशेब करून पाहू. अर्धा लिटर पाणी ५ अंशांपासून ९० अंशांपर्यंत न्यायला १७८ किलोज्यूल लागतात. एका ग्रॅम गॅसमध्ये ४६ किलोज्यूल असतात. म्हणजे काहीच वाया गेलं नाही तर चार ग्रॅमही पुरेत. साध्या बर्नरवर जवळजवळ निम्मी उष्णता भांड्याच्या बाजूने निघून जाते, तेव्हा सात-साडेसात ग्रॅम धरा. घड्या असलेल्या भांड्याला पाच-साडेपाच. एका उकळीमागे बचत दोनच ग्रॅमची. दोनशे ग्रॅमची भरपाई व्हायला शंभरेक उकळ्या लागतील. दिवसाला तीन उकळ्या धरल्या तर महिना लागेल. नुसत्या ग्रॅमांवर जोडचूल जिंकत नाही. ती जिंकते ते दोन ठिकाणी. एक, डबे ठरावीक मापांत येतात, ११०, २३० आणि ४५० ग्रॅम. रिकाम्या लहान डब्याचंच वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असतं. बचतीमुळे मोठ्या डब्याऐवजी लहान डब्यावर भागणार असेल, तर एका फटक्यात १८० ग्रॅम कमी होतात आणि हिशेब बरोबरीत येतो. आणि दुसरं ठिकाण म्हणजे वारा.

वाऱ्यात सगळेच आकडे फिरतात.

उघड्या बर्नरवर झुळूक आली की ज्योत भांड्याखालून बाहेर सरकते आणि भांड्याच्या बाजूची हवा तापवत बसते. सात ग्रॅमचं काम बारा-पंधरा ग्रॅमांवर जातं, जोरदार वाऱ्यात पाणी उकळतच नाही. अशा वेळी हात आपोआप पत्र्याच्या आडोशाकडे जातो, आणि इथे थांबायला हवं. डब्यावर बसणाऱ्या बर्नरभोवती चारी बाजूंनी आडोसा गुंडाळला की ज्योतीची धग खाली डब्यावर परतते. डबा तापला की आतला दाब चढतो, आणि असा डबा फुटू शकतो. आडोसा करायचाच तर वाऱ्याच्या एकाच बाजूने, बर्नरच्या उंचीपुरता करावा आणि दर मिनिटाला डब्याला हात लावून पाहावं. कोमट लागला तर ठीक, हाताला नकोसा झाला तर लगेच चावी बंद. दगड, पिशवी, पडलेलं खोड हाच बरा आडोसा. ज्या चुलींत बर्नरचं तोंड जाळीचं असतं, ज्योत आतल्या आत जळते आणि भांडं त्यावर घट्ट बसतं, जसं एमएसआरच्या रिअ‍ॅक्टर किंवा विंडबर्नरमध्ये, त्यांना वाऱ्याचा त्रास सगळ्यात कमी. वजन जास्त, मंद आचेवर काही शिजवणं जवळजवळ अशक्य, पण कड्याच्या धारेवर पाणी उकळायचं असेल तर माझा कौल त्यांनाच आहे.

रेग्युलेटरबद्दल मात्र थोडं स्पष्ट बोलायला हवं. डबा गार होत असताना दाब घसरतो, तेव्हा रेग्युलेटर बर्नरला जाणारा दाब सारखा ठेवतो आणि ज्योत बराच वेळ एकसारखी राहते. हा फायदा खरा. पण डब्यातला दाबच त्या पातळीखाली गेला की रेग्युलेटरकडे द्यायला काही नसतं. जो गॅस उकळतच नाही, तो कुठल्याही झडपेतून येणार नाही. रेग्युलेटर असला की थंडीची चिंता नको, असा समज करून घेतलेल्यांनाच पहाटे तो दंवाचा पट्टा बघत बसावं लागतं.

यावर खरी तोड काढली ती नळीच्या चुलीने. बर्नर वेगळा, तीन पायांवर जमिनीलगत, आणि डबा नळीच्या दुसऱ्या टोकाला. कोव्हियाची स्पायडर ही अशी १६८ ग्रॅमची चूल. तिची इंधननळी ज्योतीवरून वळून जाते. या वळणाचं महत्त्व असं की डबा उलटा ठेवता येतो. उलटा ठेवला की वायूऐवजी थेट द्रव नळीत येतो, ज्योतीजवळच्या वळणात त्याचा वायू होतो, आणि डब्याला स्वतः उकळायची गरजच उरत नाही. डबा गार पडत नाही. मिश्रण जसंच्या तसं बाहेर येत असल्याने प्रोपेन आधी संपत नाही, आणि शेवटचा ग्रॅमही पहिल्यासारखाच जळतो. करायचं इतकंच, की आधी डबा सरळ ठेवून पेटवावं, वळण तापायला अर्धा मिनिट द्यावं, चावी अगदी बारीक करावी आणि मग डबा सावकाश उलटा करावा. घाई केली तर कच्चा द्रव बर्नरपर्यंत जातो आणि हातभर पिवळा भडका उठतो. ज्या चुलीच्या नळीला हे वळण नाही, तिचा डबा कधीही उलटा करू नये. डबा दूर असल्यामुळे बर्नरभोवती पूर्ण आडोसाही सुरक्षितपणे लावता येतो. शंभरेक ग्रॅम जास्त देऊन इतकं मिळत असेल, तर उशिराच्या हंगामात मला तो सौदा चांगला वाटतो.

इंधन आणि थंडीचं हे भांडण जुनं आहे. १८९२ मध्ये स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्टने बिनकाजळीचा, पंप मारून पेटवायचा रॉकेलचा स्टोव्ह बनवला, तोच पुढे प्रायमस म्हणून ध्रुवांपर्यंत गेला. १९१२ मध्ये ब्रिटिश रॉबर्ट स्कॉटची तुकडी दक्षिण ध्रुवावरून परतत होती, तेव्हा वाटेतल्या साठ्यांवर ठेवलेल्या डब्यांत इंधन अपेक्षेपेक्षा कमी निघालं. डब्यांच्या बुचांना चामड्याचे वॉशर होते, आणि त्यांतून इंधन निसटलं होतं. त्याच्याआधी ध्रुवावर पोचलेल्या नॉर्वेच्या अमुंडसेनने आपले डबे झाळून बंद केले होते. स्टोव्ह दोघांकडेही होते, आणि चांगले होते. एका चामड्याच्या चकतीचा विचार आला की मला आजही चुलीच्या पेटीतले बारीकसारीक भाग पुन्हा एकदा तपासावेसे वाटतात.

व्हाइट गॅसच्या, म्हणजे पेट्रोलसारख्या स्वच्छ द्रव इंधनाच्या चुली त्याच घराण्यातल्या. व्हिस्परलाइट ही त्यातली सगळ्यांच्या ओळखीची, बाटली सोडून तीनशे ग्रॅमच्या आसपास. तिच्यात दाब गॅसच्या स्वभावावर नाही, तुमच्या हातावर अवलंबून असतो. उणे तीसलाही पंप मारला की दाब येतो. बाटली नव्याने भरता येते, किती उरलंय ते डोळ्यांनी दिसतं. त्याबदल्यात ती लक्ष मागते. बाटली खुणेपर्यंतच भरायची, वर हवेला जागा ठेवायची, नाहीतर पंप मारून उपयोग नाही. खालच्या वाटीत चमचाभर इंधन सोडून पेटवायचं, ते जवळपास संपत आलं की मगच चावी उघडायची. लवकर उघडली तर पिवळी, काजळी धरणारी ज्योत येते, उशीर केला तर विझलेल्या बर्नरमधून वाफ फुसफुसते. पंप मारताना हाताला काहीच जोर लागत नसेल, तर बहुतेक वेळा पंपाची चामड्याची वाटी सुकलेली असते. तेलाचा थेंब लावून बोटाने फाकवली की काम होतं. ज्योत एका बाजूने तुटायला लागली तर जेट तुंबलंय, पिन मारायला हवी. जास्तीची ओ-रिंग जवळ असावीच. आणि हे इंधन पाण्याच्या गोठणबिंदूच्या खूप खालीही द्रवच राहतं, म्हणून कडाक्याच्या थंडीत ते उघड्या हातावर सांडलं तर कातडी तिथेच भाजल्यासारखी गारठते. शिकाऱ्याला आणखी एक त्रास असतो. हातमोज्यावर चार थेंब पडले तर तो वास दिवसभर सोबत येतो, आणि एल्कच्या नाकाला तेवढं पुष्कळ झालं.

स्पिरिटचा दिवा आणि हेक्झामिन या घन इंधनाच्या गोळ्या यांच्याबद्दल थोडक्यातच. दोन्ही हलक्या, दोन्ही अगदी मूक. एस्बिटची १४ ग्रॅमची गोळी बारा मिनिटांच्या आसपास जळते, वारा नसेल तर अर्धा लिटर जेमतेम उकळते आणि भांड्याच्या बुडाला चिकट काळा थर सोडून जाते. स्पिरिटमध्ये गॅसच्या निम्म्याहून थोडीच जास्त उष्णता असते, म्हणून एका उकळीला पंधरा-वीस ग्रॅम लागतात. त्याची ज्योत दिवसा दिसत नाही. विझली समजून वर इंधन ओतणं हीच त्याची सगळ्यात वाईट दुर्घटना. आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडे कोरड्या सप्टेंबरात जंगलात आगीवर निर्बंध लागतात, तेव्हा बहुतेक ठिकाणी चालू-बंद करायची चावी असलेल्या चुलीलाच परवानगी असते. काटक्यांच्या चुली, स्पिरिटचे दिवे, गोळ्या सगळं घरी राहतं. निघण्यापूर्वी त्या जंगलाचा त्या आठवड्याचा आदेश वाचलाच पाहिजे. विमानाने जाणार असाल तर गॅसचा डबा सामानात कुठेच चालत नाही, तो उतरल्यावर घ्यायचा. व्हाइट गॅसची वापरलेली चूल वास राहणार नाही इतकी कोरडी केलेली हवी.

आवाजाचा रकाना मात्र कुठल्याच तक्त्यात नसतो. निवांत पहाटे पूर्ण आचेवरच्या बर्नरची घरघर दरीत किती लांब जाते ते शेजारी बसलेल्याला कळत नाही, कारण त्याच्या कानात दुसरं काही शिरतच नसतं. ती थांबते तेव्हा एकदम ओढ्याचं पाणी, झाडाची करकर, कदाचित लांबवरची एखादी शीळ ऐकू येते, आणि एवढा वेळ आपण काय काय ऐकलं नाही याची हुरहुर लागते. एल्कची ती शीळ पहाटेच्या अंधारात ऐकण्यासाठीच तर माणूस इथे आलेला असतो. जाळीच्या बर्नरचा आवाज बारीक सुस्काऱ्यासारखा. साध्या बर्नरची चावी निम्मी केली तरी आवाज खूप उतरतो, आणि इंधनही वाचतं, कारण ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर जात नाही. टायटॅनियमच्या झाकणाला कापडाची पट्टी बांधली की त्याची टणटण जाते. वासाचंही तसंच. सूर्य उगवेपर्यंत गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन लागलं की वर चढायला लागते. ज्या उतारावर नजर ठेवायची आहे त्याच्या वरच्या अंगाला पहाटे चूल पेटवली, तर जेवणाची बातमी आपल्याआधी खाली पोचते.

किती न्यायचं, याचं माझं माप असं. एका माणसाला दिवसाला अर्ध्या लिटरच्या तीन उकळ्या. चांगल्या हवेत २२ ग्रॅम, वारा-थंडीत ३५. पाच दिवसांना वाईट हिशेबाने १७५ ग्रॅम. म्हणजे २३० चा एक किंवा ११० चे दोन डबे. बर्फ वितळवायचा असेल तर हा आकडा जवळजवळ दुप्पट करा, कारण अर्धा किलो बर्फाचं नुसतं पाणी व्हायलाच १६७ किलोज्यूल जातात. आणखी एक गोष्ट हिशेबात धरायला हवी. पोकळ धाग्यांचा पाणी गाळायचा फिल्टर एकदा आतून गोठला की बाहेरून धडधाकट दिसला तरी त्याचा भरवसा संपतो. मग पिण्याचं पाणीही उकळावं लागतं, दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळून. बर्नरवरच्या बटणाने पडणाऱ्या पिझोच्या ठिणगीवर विसंबू नये, उंचीवर आणि दमट हवेत ती हमखास दगा देते. लायटर पँटच्या खिशात, अंगाजवळ ठेवावा, कारण त्याच्या पोटातही तोच गॅस आहे आणि त्यालाही थंडी वाजते. आणि तंबूच्या आत, दार लावून, चूल नकोच. ज्योत भांड्याच्या गार बुडाला चिकटून जळली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आणि थकलेल्या माणसाला त्याची गुंगी झोपेसारखीच वाटते.

दोन लहान डबे मला एका मोठ्यापेक्षा बरे वाटतात, थोडं वजन जास्त असलं तरी. एक पहाटेचा, एक दुपारचा. दुपारच्या उन्हात जुना, उतरलेला डबा संपवायचा, आणि जास्त प्रोपेन असलेला नवा पहाटेसाठी राखायचा. डब्याच्या बुडावर पेनाने रोज एक रेघ मारली की घोळ होत नाही. किती उरलंय ते कळायला डबा पाण्यात तरंगवून पाहावा. घरी भरलेला आणि रिकामा डबा किती बुडतो त्याच्या खुणा आधी करून ठेवल्या, तर मधला अंदाज डोळ्यांनी येतो.

आणि तो अर्धा भरलेला डबा हाती उरलाच, तर तो रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पायांशी घेऊन झोपायचं. पोलाद आधी पायांना गार लागतं, मग विसरायला होतं. पहाटे तो दहा-बारा अंशांवर बाहेर येतो. उथळ प्लास्टिकच्या वाटीत दोन बोटं पाणी घ्यायचं, ओढ्याचं नुसतं न गोठलेलं पाणीही चालतं, आणि डबा त्यात उभा करायचा. शून्य अंशाचं पाणी आयसोब्युटेनच्या समुद्रसपाटीवरच्या उकळबिंदूपेक्षाही बारा अंशांनी गरमच असतं. डब्याला ते उष्णता देत राहतं, आणि वाटीत कडेने बर्फाची पापडी धरायला लागली तर ती धरतानाही देतच असतं. ज्योत पहिल्या मिनिटाइतकीच चौथ्या मिनिटालाही निळी राहते. डब्यावर दंव येत नाही. झाकण थरथरायला लागलं की चावी बंद करायची, पाकिटात पाणी ओतून ते जॅकेटच्या आत सरकवायचं. पूर्वेकडची धार अजून काळीच असते. दुर्बिणीच्या काचेवरची वाफ पुसेपर्यंत समोरच्या उतारावरची झाडं एकेक सुटी दिसायला लागतात.